हौसाला सांगायचं होतं ते

"दादा, आधी दोन घास खा, मग काय बोलायचं ते बोल," म्हणत हौसानं माझ्यापुढं ताट सरकवलं.

ताटात उकडलेला दुधी, तेलाचा थेंब नसलेली मुगाची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. मीठसुद्धा बेतानंच. शेगडीवर दुसऱ्या पातेल्यात घरच्यांसाठी अंड्याचा रस्सा रटरटत होता आणि त्याच्या वासानं सगळं स्वयंपाकघर भरलं होतं. मला त्यातलं काही मिळणार नव्हतं. मी हार्टचा पेशंट होतो. निदान माझ्या बहिणीच्या घरात तरी होतो.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो, हौसा पंचावन्नची. मी गडहिंग्लजला राहतो आणि हौसा मुरगूडजवळच्या एका खेड्यात. तीस वर्षं मी वीज मंडळात लाइनमन म्हणून काढली. वारं असो, अंधार असो, पोलवर चढायला मला कधी दुसऱ्याचा हात लागला नाही. पण त्या दिवशी एसटीतून उतरून हौसाच्या दारापर्यंतची शंभर पावलं चालताना मी दोनदा थांबलो. तिला काय सांगायचं ते मनात नीट लावून आणलं होतं. ताट पुढं आलं आणि सगळं विस्कटलं.

"एवढ्या उन्हाचा कशाला आलास? फोन केला असतास तर ह्यांनी नेलं असतं की गाडीवरनं," हौसा म्हणाली. हे म्हणजे आमचे दाजी, मारुतराव. ते उसाला पाणी पाजायला शेतावर गेले होते. भाची अर्पिता मुरगूडच्या शाळेत शिकवायची, ती दुपारनंतर यायची. घरात आम्ही दोघंच होतो, आणि मी तीच वेळ साधून आलो होतो.

"तुझ्याशीच काम होतं," मी म्हणालो.

"मग जेव आणि सांग."

त्याच्या चार वर्षं आधी माझं ऑपरेशन झालं होतं. ते हार्टचं नव्हतं. उजव्या छातीवर बोंडाच्या मागं एक गाठ लागली होती. मी तिला लोंबती तार आपटल्याची सूज समजून वर्षभर अंगावर काढली. मग बोंड आत ओढलं गेलं, एकदा बनियनला रक्ताचा डाग लागला आणि माझी बायको छबू मला ओढतच कोल्हापूरला घेऊन गेली. तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी छबूकडं बघितलं. मला वाटलं ते तिला सांगताहेत.

बायकांचा आजार. मला दुसरं काही सुचलंच नाही. ऑपरेशन झालं, केमो झाले, रेडिएशनचे शेक झाले, डोक्यावरचे केस गेले आणि आले. त्या सगळ्यात मला कॅन्सरची भीती जेवढी वाटली नाही तेवढी ऑफिसातल्या पोरांच्या हसण्याची वाटली. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली की पोरगं विचारायचं, "पेशंट बाई कुठं आहेत?" मी म्हणायचो, "घरी आहेत." मग मी सगळ्यांना एकच सांगायला लागलो. हार्ट. छातीवर चिरा आहे, कोल्हापूरच्या दवाखान्यात होतो, नीट जुळून यायचं. छबूनं एकदा-दोनदा टोकलं आणि मग सोडून दिलं.

आजार गेला पण जाताना बरंच ठेवून गेला. काखेतल्या गाठी काढल्यामुळं उजवा हात सुजायचा. संध्याकाळपर्यंत बोटं अशी भरायची की अंगठी कापून काढावी लागली. त्या हाताला दिवसभर घट्ट मोजा घालायचा, ओझं उचलायचं नाही, सुई टोचायची नाही, खरचटू द्यायचं नाही. पोल सुटला तो सुटलाच. साहेबांनी मला सबस्टेशनात रजिस्टर लिहायला बसवलं. वर रोजची एक पांढरी गोळी होती. ती घेतली की भर थंडीत अंगातून वाफ निघायची, मानेवरनं घामाची धार लागायची. मी उठून पंखा लावला की छबू गोधडीतून म्हणायची, "आता कळलं का, पाळी जाताना मला दोन वर्षं काय होत होतं ते?"

हे सगळं मी फुल बाह्यांच्या शर्टाखाली लपवलं होतं. पण त्या आठवड्यात कोल्हापूरला सहामाही तपासणीला गेलो तेव्हा नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टरीण बसल्या होत्या. त्यांनी माझी फाइल पहिल्या पानापासून वाचली.

"काका, घरात आणखी कुणाला हा आजार?"

"नाही."

"आई?"

"आई मी शाळेत असतानाच गेली. तापानं."

"बहीण आहे?"

"आहे एक. धाकटी."

"तिला तपासलं का? आणि तुमच्या मुलीला?"

मी बाहीचं बटण चाचपलं. त्या फाइलीतलं एक पान माझ्याकडं फिरवून म्हणाल्या, "पुरुषांना हा आजार फार क्वचित होतो. झाला की आम्ही आधी घरातल्या बायकांचा विचार करतो. रक्तातून आलेला असू शकतो. असेलच असं नाही, पण बघायला लागतं. हे तुम्हाला तेव्हाच सांगितलंय, काका. इथं लिहिलंय."

लिहिलं होतं. मी ते चार वर्षांपूर्वीच वाचलं होतं, आणि घडी घालून फाइलीत ठेवलं होतं. बहिणीला सांगायचं म्हणजे काय झालं होतं तेही सांगायला लागणार होतं.

घरी आल्यावर छबूला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सुजाताला मी सांगीन, ती आपलीच पोर आहे. पण हौसावन्संना तुम्हीच सांगायचं. उद्याच जायचं."

म्हणून मी हौसासमोर बसलो होतो आणि भाकरीचा तुकडा नुसता आमटीत भिजत होता.

"हौसा, माझं हार्टचं ऑपरेशन नव्हतं."

"मग?"

"गाठ होती. कॅन्सरची. छातीत."

"फुप्फुसात?"

"नाही. इथं." मी शर्टावरनं बोट ठेवलं. "बायकांना होतो तो."

हौसानं माझ्याकडं बघितलं आणि ती चक्क हसली. "काहीतरीच! बाप्याला कुठं हे होतंय होय? तुला कुणीतरी उल्लू बनवलंय दादा."

मला वाटलं होतं ती रडेल. ती हसेल हे मनात आलं नव्हतं. मी उष्ट्या हातानंच शर्टाची बटणं काढली. उजवा हात खांद्यापर्यंत मोज्यात होता, तो बाहीतून निघायला वेळ लागला. मग बनियन काढला.

छबू आणि डॉक्टर सोडले तर ते कुणीच बघितलं नव्हतं. छातीच्या मधून काखेपर्यंत तिरपी शिवण. तिथलं मांस नाही, बोंड नाही, बरगड्यांवर नुसती कातडी ताणलेली. एका बाजूला पुरुषाची छाती आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

हौसाचं हसू कुठं गेलं ते कळलं नाही. ती उठून जवळ आली आणि तिनं त्या शिवणीवर बोट ठेवलं.

"दुखतंय?"

"तिथं काही कळतच नाही. तू बोट ठेवलंयस ते दिसतंय म्हणून कळतंय. कधी कधी खाज मात्र सुटते, आणि खाजवायला गेलं की तिथं काही नसतं."

 मग खाली बसून तिनं माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं.

"चार वर्षं!" ती म्हणाली. "चार वर्षं मी तुला हे अळणी घालतेय. भाऊबीजेला तुझ्या करंजीतलं सारण कमी करतेय. तुझ्या हार्टसाठी मी सोमवार धरलेत दादा! कडक सोमवार! देवाला तरी काय वाटलं असेल?"

"चुकलं माझं."

"छबूवहिनीपण गप्प बसली?"

"मीच गप्प बसवलं. आणि हौसा, अजून एक आहे." एवढं बोललोय तर तेही बोलून टाकावं असं वाटलं. "डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, बहिणीला तपासायला लावा म्हणून. हे घराण्यातून येऊ शकतं. मी सांगितलं नाही. चार वर्षं."

मला वाटलं ती आता खरी चिडेल. पण तिनं गॅस बारीक केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली,

"आईला ताप नव्हता दादा."

मला ते लगेच समजलं नाही.

"तू मामाकडं गारगोटीला होतास शाळेला. मी दहा वर्षांची. आईच्या डाव्या बाजूला गाठ होती. मग ती फुटली. आई पदराखाली हळदीच्या पट्ट्या बांधायची. वास यायचा म्हणून चुलीपाशी सारखी ऊद जाळायची. त्या पट्ट्या मी धुवायची. पहाटे, ओढ्याला बायका यायच्या आधी. आबांनासुद्धा शेवटच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"आईनं शपथ घातली. म्हणाली, दादाला कळलं तर तो शाळा सोडून येईल. तू दहावीला होतास." ती वळली. डोळे कोरडे होते. "नंतर तुला लाइनमनची नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं, बरं झालं नाही सांगितलं. आता काय उपयोग, म्हणून मग कधीच नाही सांगितलं."

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती. मी उघड्या अंगानं बसलो होतो आणि शर्ट घालायचं भान राहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आई? मी म्हणालो होतो, तापानं. आणि खरं उत्तर पंचेचाळीस वर्षं चुलीपुढं भाकऱ्या थापत होतं.

"आईनं लपवलं," हौसा म्हणाली, "मी लपवलं, आता तू लपवलंस. आपल्या घराला दुसरं काही येतंय का नाही?"

"तपासून घेशील ना?"

ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "अर्पिताचं बघायला लागलोय. कागलचं स्थळ आलंय. रविवारी यायची आहेत माणसं. अशात मी दवाखान्याच्या चकरा मारायला लागले, आणि घराण्यात असं असं आहे हे कळलं, तर पोरीला कोण करून घेईल? हे लग्न होऊ दे. मग बघू. एवढे दिवस गेले, अजून सहा महिन्यांनी काय होतंय?"

 चार वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो. रिटायर होऊ दे, मग बघू. सुजाताचं बाळंतपण होऊ दे, मग बघू.

तेवढ्यात अंगणात स्कूटी थांबली. मी शर्टाकडं हात नेला, पण घाईत सुजलेला हात बाहीत अडकला. अर्पिता दारातून आत आली, खांद्याला पर्स, हातात वह्यांचा गठ्ठा. मला तशा अवस्थेत बघून ती उंबऱ्यावरच थांबली.

"मामा? हे काय झालंय?"

"काही नाही गं," हौसा पटकन म्हणाली. "हार्टचं ऑपरेशन झालं होतं ना मामाचं, तेच बघत होते."

ती इतक्या सहज म्हणाली की मीही क्षणभर मान हलवली. मग मी हौसाकडं बघितलं. तिनंही माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडून ते कसं गेलं हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

मला आजही वाटतं, मी तेव्हा शर्ट चढवून चहा मागितला असता तर ते तसंच राहिलं असतं. हौसानं पुन्हा विषय काढला नसता. मीही नसता.

"नाही अर्पिता," मी म्हणालो. "हार्टचं नव्हतं. मला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता."

ते दोन शब्द मी माझ्या तोंडानं पहिल्यांदाच उच्चारले. इतकी वर्षं 'तो आजार', 'ते', 'गाठ' असंच चाललं होतं. आकाश काही कोसळलं नाही. अर्पितानं वह्या कट्ट्यावर ठेवल्या आणि ती माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"पुरुषांना होतो?"

"होतो. मला झाला."

"आणि आत्ता?"

"आत्ता बरा आहे. हात सुजतो, घाम येतो. बाकी बरा आहे."

"आजीला पण होता," हौसा म्हणाली. तिनं ते जमिनीकडं बघत सांगितलं, पण सांगितलं.

अर्पितानं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. शाळेत मुलांनी गृहपाठ लपवल्यावर बघत असेल तसं. "म्हणजे आईनं तपासायला पाहिजे. मी पण."

"अगं पण रविवारी ती माणसं..."

"आई, ज्याला हे ऐकून नाही म्हणायचंय त्यानं रविवारीच म्हणू दे. लग्न झाल्यावर म्हणण्यापेक्षा बरं." ती उठली, माझ्यामागं जाऊन तिनं अडकलेली बाही सोडवली आणि सुजलेला हात अलगद आत घातला. "मामा, कुठल्या दवाखान्यात जाता तुम्ही? नंबर द्या."

हौसा उठली. तिनं माझं अळणी ताट उचलून मोरीत ठेवलं, नवीन ताट घेतलं, त्यात वाटीभर रस्सा आणि दोन अंडी वाढली आणि ते माझ्यापुढं जरा आपटूनच ठेवलं.

"खा आता," ती म्हणाली. "हार्टला काही झालं नाही ना तुझ्या?"

तो रस्सा इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पुसलं नाही.

आठ दिवसांनी आम्ही चौघं कोल्हापूरला गेलो. मारुतरावांनी त्यासाठी शेजारची जीप मागून आणली होती. हौसाच्या डाव्या बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढा एक ठिपका सापडला. हाताला लागत नव्हता, तिला जाणवलाही नव्हता. मी डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठून विचारलं, "चार वर्षांपूर्वी आणलं असतं तर?"

"तेव्हा कदाचित काहीच दिसलं नसतं. सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "अजून एक-दोन वर्षांनी आणलं असतंत तर काय झालं असतं, ते मात्र मी सांगू शकते."

हे उत्तर मी माझ्याजवळ ठेवलंय. रोज लागत नाही, पण अधूनमधून काढून बघावं लागतं.

हौसाचं ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. रक्ताच्या तपासणीत घराण्यातून येणारा तो दोष माझ्यात निघाला, हौसात निघाला आणि अर्पितात निघाला. माझ्या सुजातात नाही. मी खोटं बोललो म्हणून सुजाता आठ दिवस माझ्याशी बोलली नाही आणि नववा दिवस उजाडला तशी सकाळच्या एसटीनं आली. कागलच्या माणसांनी नाही म्हटलं. दोन वर्षांनी अर्पितानं तिच्याच शाळेतल्या एका मास्तरांशी लग्न केलं. त्यांना तिनं पहिल्या भेटीत चहा येण्याआधीच सगळं सांगितलं होतं म्हणे. ती दरवर्षी तपासून घेते. अजून सगळं ठीक आहे.

ऑपरेशननंतर दीड महिन्यानं मी हौसाकडं राहायला गेलो होतो. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. न हलवता ठेवला तर तो तसाच आखडून बसतो हे मला ठाऊक होतं. बाहेरच्या सोप्यातल्या भिंतीकडं तोंड करून कसं उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंगी चढावी तशी एक एक करून वर न्यायची, दुखायला लागलं की थांबायचं, तिथं खूण करायची, हे मी तिला शिकवलं. तिच्या शेजारी उभं राहून मीही माझा उजवा हात चढवायचो. अर्पिता शाळेला जायच्या आधी पेन्सिलनं दोघांच्या खुणा करायची आणि बाजूला तारीख लिहायची. मारुतराव आधी भिंत खराब होते म्हणून कुरकुरले, नंतर रोज संध्याकाळी येऊन खुणा बघायला लागले.

एका सकाळी हौसाची बोटं तिच्या डोळ्यांच्या रेषेपर्यंत गेली. अर्पितानं खूण केली, टाळी वाजवली आणि ती गेली. आम्ही दोघंच उरलो.

हौसानं हात खाली घेतला. 

"दादा, आईचा हात शेवटी शेवटी कुठवर जायचा, सांगू?"

 तिनं तळहात भिंतीवर टेकवला. कमरेच्या जरा वर, चुलीवरच्या भांड्याला हात पोचेल एवढ्याच उंचीवर. तिथं कुठलीही खूण नव्हती. तिथं तिनं हात बराच वेळ ठेवला.

मग श्वास घेतला आणि तिथूनच बोटं वर चढवायला सुरुवात केली.